दहा मिनिटांचं घर

किशोर माझा धाकटा भाऊ. छावणीतल्या डेपोत सिव्हिलियन स्टोअरकीपर आहे. अंगावर वर्दी नाही, पण शिस्त वर्दीवाल्यांपेक्षा कडक. विद्यानगरचं घर सोडून आईला घेऊन छावणीच्या भिंतीपाशी भाड्याने राहायला जातो म्हणाला, तेव्हा मी फोनवरच भडकले. "कैकू रे, कशासाठी? अख्खी गल्ली आईला ओळखते. चुकून बाहेर पडली तर कुणीही हाताला धरून घरी आणतं. तिथे कोण आहे आपलं?"

"ताई, आई जेवत नाही," एवढंच बोलला.

ते खरंच होतं. आमचे वडील, अण्णा, आबिड्सच्या ऑफिसातून रोज एक वाजता जेवायला घरी यायचे, आणि ते पानावरून उठल्याशिवाय आईने कधी घास तोंडात घातला नाही. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. पण गेल्या दोन वर्षांत आईला काही आठवेनासं झालं आणि ती किशोरलाच अण्णा समजू लागली. झालं! हा उगवायचा संध्याकाळी सातला, तोवर बाई उपाशी. सकाळी मधुमेहाची गोळी घेतलेली आणि पोटात काही नाही. तिला सांभाळणारी भाग्यलक्ष्मी विनवून विनवून थकायची. मी तारनाक्याच्या माझ्या घरून जाऊन रागावले, लाडीगोडी लावली. "हे आल्याशिवाय नाही," दुसरं उत्तरच नाही. दोनदा चक्कर येऊन पडली. तिसऱ्यांदा उठेलच असं नाही, डॉक्टर म्हणाले.

डेपोत जेवणाची सुट्टी पाऊण तासाची, आणि विद्यानगरला नुसतं पोचायलाच पाऊण तास लागतो. म्हणून दीड महिना हा माणूस घरं बघत फिरला. पाणी येतं का, उजेड आहे का, काही विचारलं नाही. बरोबर एक वाजता डेपोतून स्कूटर काढायची, त्या घराच्या दारापर्यंत जायचं, परत फिरायचं. एका वाटेवर रेल्वेचं फाटक लागलं, ते घर बाद. दुसऱ्या वाटेवर नेमकी तेव्हाच शाळा सुटायची, तेही बाद. शेवटी भिंतीला लागून दोन खोल्या मिळाल्या. "गेटवर ओळखपत्र दाखवण्यासकट दहा मिनिटं," तो म्हणाला. "जायला दहा, यायला दहा. मधली पंचवीस आईची."

"घर बघतोयस की शर्यत लावतोयस?" मी म्हटलं. हसलासुद्धा नाही. मग मीही विरोध सोडला, माझ्याकडे तरी दुसरा उपाय कुठे होता?

रविवारी सामान हललं. सोमवारी मी तिथेच थांबले. एक वाजून दहा मिनिटांनी खरंच स्कूटर वाजली, आणि माझ्या जिवात जीव आला. आई दाराजवळ खुर्चीच्या कडेला बसली होती, दोन्ही खांद्यांवरून पदर, मांडीवर पिशवी.

"चल, जेवू या," किशोर म्हणाला.

आई गडबडीने उभी राहिली. "तुम्ही इथले का? बरं झालं आलात. आमचे हे अजून आले नाहीत. त्यांना इथला पत्ता ठाऊक नाही हो."

किशोर दारातच थिजला. विद्यानगरच्या दारातून आत यायचा, म्हणूनच तो अण्णा होता. इतकी मिनिटं मोजली, पण हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. 'सांगत होते ना' हे तोंडाशी आलेलं मी गिळलं. मला रडूच फुटलं.

त्याने घड्याळ पाहिलं. मग आत आला आणि साहेबांशी बोलतो तसा अदबीने बोलला, "मी त्यांच्याच ऑफिसातला. त्यांनी निरोप दिलाय. काम फार आहे, म्हणून तिथेच जेवले. तुम्ही थांबू नका म्हणाले."

"जेवले? पोटभर?"

"पोटभर. अंबाडीची भाजी दोनदा मागून घेतली."

आई पानावर बसली. एक घास, दुसरा घास. भाग्यलक्ष्मीने वरण वाढलं, तेही नको म्हणाली नाही. किशोर भिंतीला टेकून तिच्याकडे बघत उभा होता. अर्धं पान संपल्यावर आईने मान वर केली.

"तुम्ही कशाला उभे? जा बाबा घरी. तुमची आई जेवायची थांबली असेल."

"हो, निघतो," म्हणाला, आणि गेला.