न पडलेला कौल

देवाच्या दारात जाऊनही नुसतं ताटकळायचंच असेल, तर देव आणि कचेरी यांत फरक तो काय, असा विचार त्या दुष्काळाच्या वर्षी माझ्या मनात येऊन गेला. वाईट विचार होता, पण आला होता खरा. आज आठवला की मी कानाला हात लावते. तरी त्या दिवशी भैरोबाच्या देवळात नेमकं काय घडलं, हे मला अजूनही नीट उलगडलेलं नाही. जसं घडलं तसं सांगते. काय समजायचं ते ज्यानं त्यानं समजावं.

आम्ही तेव्हा केडगावला राहत होतो. आमचे हे सरकारी कामांचे लहान ठेकेदार. राहुरीकडे कालव्यावरच्या मोऱ्या, लहान पूल, कुठे एखादी भिंत, अशी कामं घ्यायचे. पण मुळात हे गवंडी. ठेकेदार झाले तरी हातातली थापी सुटली नव्हती आणि सदऱ्याच्या खिशातला ओळंबाही सुटला नव्हता. पाहुण्यांच्या घरी गेलो की चहा येईपर्यंत यांनी त्यांच्या भिंतीला ओळंबा लावलेला असायचा आणि वर "बाहेर झुकलीय" म्हणून सांगून टाकलेलं असायचं. लोकांना राग यायचा, मला लाज वाटायची. पुढे त्याच सवयीसाठी मी देवाला साकडं घालीन, असं तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्या वर्षी यांच्यामागे टॅक्सचं एक प्रकरण लागलं होतं, ते असं. कालव्याच्या कामाला सिमेंट आणि लोखंड सरकारच आपल्या गोदामातून देई आणि त्याची किंमत बिलातून कापून घेई. यांनी ते फक्त कामात घालायचं. पण टॅक्सच्या साहेबांनी त्या सिमेंट-लोखंडाची किंमतही यांच्या मिळकतीत धरली आणि सगळ्यावर नफा लावून टॅक्स काढला. म्हणजे कोणाच्या लग्नात आपण बुंदी पाडायला जावं, बेसन त्यांचं, साखर त्यांची, तूप त्यांचं, आणि मागाहून कोणी म्हणावं की एवढी बुंदी तुमचीच. वर साहेब यांना असंही म्हणाले की तुम्ही मिळकत लपवलीत. ते यांना फार लागलं. यांनी वकील करून वरच्या साहेबांकडे अपील केलं. वकील म्हणाले, बाजू आपली खरी आहे, काळजी करू नका. पण निकाल लागेपर्यंत टॅक्सचा दाखला मिळणार नव्हता, आणि दाखल्याशिवाय सरकारी टेंडर भरता येत नव्हतं.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. सहा महिने थांबायला माझी काहीच हरकत नव्हती. पण ते घोंगडं असं भिजत पडलं की विचारू नका. तारीख लागायची आणि पुढे जायची. साहेबांची बदली झाली, नवे साहेब पुन्हा पहिल्यापासून कागद मागू लागले. कचेरीतले लोक काही वाईट नव्हते. बसायला सांगायचे, एकदा तर मला पाणीही आणून दिलं. पण ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. विचारलं की एकच उत्तर: "फाईल वर गेलीय." वर म्हणजे कुठे, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मला वर एकच ठाऊक होता.

आणि इकडे हे बसले. बसले म्हणजे अगदी बसलेच. ओळंबा खुंटीला टांगला तो टांगलाच. हाताखालची माणसं आधी वाट पाहत राहिली, मग पोटासाठी दुष्काळी कामावर खडी फोडायला निघून गेली. ओळखीच्या लोकांनी घरगुती कामं आणली, कुणाची चूल, कुणाचा ओटा, तर हे म्हणायचे, "निकाल लागू द्या, मग बघू." आमच्याच न्हाणीची भिंत ढासळली. गवंड्याच्या घरची न्हाणी, आणि मी तिला गोणपाट लावून अंघोळ करायची. त्यावर बोलले तर तेच उत्तर, निकाल लागू दे. सकाळी ओट्यावर बसायचे ते पोस्टमन येऊन जाईपर्यंत रस्त्याकडे बघत, आणि तो गेला की उद्याच्या पोस्टमनची वाट बघत. मला टॅक्सची भीती नव्हती. दागिने मोडून भरला असता. मला यांच्या बसण्याची भीती वाटत होती. धडधाकट माणूस, पण डोळ्यांसमोर विझत चालला होता. हातांवरचे घट्टे मऊ पडले होते. एकदा भाकरी वाढताना ते माझ्या लक्षात आलं आणि मी चुलीकडे तोंड करून रडले.

माझं माहेर पारनेरकडचं. तिथल्या डोंगराच्या पायथ्याशी भैरोबाचं ठाणं आहे आणि तिथे रविवारी कौल लावतात. देवाच्या दोन खांद्यांवर एकेक फूल चिकटवायचं आणि मनात प्रश्न विचारायचा. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मी ठरवलं, वकिलाला विचारून झालं, साहेबांना विचारून झालं, आता एकदा याला विचारू. यांना सांगितलं तर म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? डावं पडलं म्हंजी काय करशील?" पण दुष्काळात एसटीचा नेम नव्हता, बाईमाणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून आले बरोबर. देवळाच्या पायरीशी थांबून म्हणाले, "तू जा आत. मी हितंच बसतो. बसायला काय, कुटंबी बसता येतं." आणि बाहेर लिंबाखाली बसले.

त्या साली फुलं कुठली मिळायला? गुरवानं रुईच्या कळ्या काढून ठेवल्या होत्या. दुष्काळात सगळं वाळलं तरी रुई तेवढी हिरवी होती. त्यानं दोन कळ्या देवाच्या खांद्यांवर लावल्या आणि मी हात जोडून विचारलं, "निकाल आमच्या बाजूनं लागेल का?" आणि डोळे न मिटता बघत बसले.

कळी हलेना. आधी वाटलं, घाई करू नये. मग वाटलं, प्रश्न नीट पोचला नसेल, म्हणून पुन्हा विचारला. माझ्यामागून आलेल्या एका म्हाताऱ्यानं हरवलेल्या बैलाचं विचारलं. शेजारच्या दुसऱ्या मूर्तीवर त्याचा कौल लगेच उजवा पडला आणि तो काठी टेकत निघूनही गेला. एका बाईनं सुनेचं विचारलं, तिला डावा मिळाला. ती रडली, पण तिला कळलं तरी. मी आपली बसलेली. उन्हं देवळाच्या उंबऱ्यावरून आत आली आणि परत बाहेर निघाली. गुडघे आखडले. मनात काय काय येऊन गेलं म्हणून सांगू. रुईचा चीक चिकट, त्यानंच कळ्या धरून ठेवल्या असतील. की माझं काही चुकलं? की देवालाही माझा प्रश्न कळला नाही, सिमेंट आणि मिळकतीचा घोळ त्याला तरी कसा कळावा? सुरुवातीला सांगितला तो वाईट विचार आला तो इथेच. मला देवाचा राग आला. तुझीही फाईल वर गेली का, असं मी मनातल्या मनात त्याला म्हटलं आणि मग मीच घाबरले.

गुरव बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, काय इचारलं तुमी देवाला?"

मी सांगितलं.

"ते सायबाच्या हातातलं हाय," तो म्हणाला. "देव कशापायी त्यात पडंल? तुमाला काय पायजे ते मागा की."

मला काय पाहिजे, हे मला धड सांगता येईना. दाखला पाहिजे होता? टॅक्स कमी व्हायला पाहिजे होता? यांच्यावरचा खोटेपणाचा डाग पुसायला पाहिजे होता? हे सगळं खरं होतं, पण देवापुढे तोंडातून निघालं ते भलतंच. मी म्हटलं, "बाबा, आमच्या न्हाणीची भिंत पडलीय." एवढंच. प्रश्नही नाही आणि मागणंही नाही. स्वतःचीच कीव आली. कळ्या होत्या तिथेच होत्या. गुरव म्हणाला, दिवाबत्तीपर्यंत राहू द्या, पडतील. पण परतीची गाडी चुकली असती. मी नमस्कार केला आणि रित्या हातानं बाहेर आले. यांना काय सांगायचं, या विचारानं पाय उचलत नव्हता.

लिंबाखाली हे नव्हते.

मी चहूकडे बघू लागले. तेवढ्यात देवळामागच्या विहिरीकडून पहारीचा आवाज आला. मी तशीच गेले. त्या विहिरीचा काठ एका अंगानं खचला होता. बायकांना त्याच मोडक्या कडेवर उभं राहून खोल पाणी शेंदावं लागत होतं, आणि कुठून कुठून आलेल्या बायकांची रांग लागली होती. आणि त्या कडेवर हे. धोतराचा काचा मारलेला, सदरा काढून झुडपावर टाकलेला, कोपरापर्यंत माती. खचलेले दगड काढून ओळीनं मांडले होते आणि नवा थर बसवत होते. दोऱ्याला खडा बांधून ओळंबा केला होता. बायका घागरी खाली ठेवून यांना दगडाच्या चिपा वेचून देत होत्या आणि हे त्यांच्यावर ओरडत होते, "अगं बायांनो, ह्यो नको, चपटा दे, चपटा." किती दिवसांनी मी हे ओरडणं ऐकत होते.

यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "पडला का कौल?"

"नाही."

"न्हाई? मग बस की अजून थोडी," हे म्हणाले. "माजा एवढा थर हू दे."

मी तिथेच एका दगडावर बसले. मला हसू येत होतं की रडू, ते माझं मलाच कळत नव्हतं. कौल पहिल्या झटक्यात पडला असता, उजवा किंवा डावा, तर आम्ही मिळेल त्या गाडीनं परत केडगावच्या ओट्यावर येऊन बसलो असतो. हे माझ्या डोक्यात आलं. पण तसं म्हणावं तरी कसं? रुईचा चीक चिकट असतो, हेही खरंच.

गाडीत मी विचारलं, तुम्ही उठलात कसे? हे म्हणाले, एक बाई आली, चेपलेली घागर घेऊन. म्हणाली, तुमी गवंडी ना? मग बसलाय काय, बाया पडतील ना हिरीत. मी म्हटलं, तिनं कसं ओळखलं? हे म्हणाले, "मलाबी तेच कोडं पडलंय. खिशात ओळंबा नव्हता काही नव्हतं." नंतर ती रांगेत दिसली नाही. गुरवालाही तिचा ठावठिकाणा सांगता आला नाही. आता पाण्यासाठी चहूकडून बायका येत होत्या, कोण कुणाला ओळखणार? आणि गवंडी माणूस मोडक्या भिंतीकडे ज्या नजरेनं बघतो, ती कुणीही ओळखील. मी स्वतःला असं समजावते. कधी पटतं, कधी नाही.

गाडी चास ओलांडून पुढे आली तेव्हा हे आपल्याशीच हसले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "ह्यात शिमिट न्हाई न् लोखंड न्हाई. सायबाला धरायला काईच ठिवलं न्हाई मी." प्रकरण सुरू झाल्यापासून त्यावर यांनी केलेली ती पहिली थट्टा. खिडकीतून धूळ येत होती, म्हणून डोळे पुसले तरी चालून गेलं.

दुसऱ्या दिवशी यांनी खुंटीवरचा ओळंबा काढला आणि विहिरीचा काठ पुरा करायला निघून गेले. पोस्टमन येऊन गेला, ते यांना ठाऊकही नव्हतं. पुढच्या रविवारी मी बरोबर गेले तेव्हा गुरव म्हणाला, तुमी गेल्यावर कळी पडली की. मी विचारलं, कोणती? त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, झाडून काढली, ध्यानात न्हाई. असा संताप आला मला त्या माणसाचा. देवाचं उत्तर केरात घालवलं म्हणून मी त्याला फाडफाड बोलले. तो बिचारा ऐकून घेत होता. मागे विहिरीवर हे कुणावर तरी ओरडत होते, आणि ते कानावर आलं तशी मी बोलायची थांबले.

त्यानंतर विहिरींचे काठ, कुणाची चूल, कुणाचा ओटा, अशी कामं येत राहिली. फार नाही, पोटापुरती. न्हाणीची भिंतही उभी राहिली. कचेरीचा कागद पुष्कळ उशिरा आला. तोवर पाऊस झाला होता, जोंधळे काढून झाले होते. कागद इंग्रजीत. वकिलांनी वाचून सांगितलं की वरच्या साहेबांनी आमचं म्हणणं ना मान्य केलं ना अमान्य. सगळं प्रकरण नव्यानं तपासायला खालच्या साहेबांकडे परत पाठवलं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. मी यांच्या तोंडाकडे बघत होते. घरी येऊन हे परत ओट्यावर बसले तर काय करायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

घरी आल्यावर यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "ठेव देवापाशी," म्हणाले. "आपली कळी अजून चिकटलेलीच हाय." मग चहा घेतला, खिसा चाचपून ओळंबा असल्याची खात्री केली आणि कामावर गेले.

मी कागद देवापुढे ठेवला आणि हात जोडले. त्या दिवशी भैरोबानं होय म्हटलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही, आणि आता जाणून घ्यायची ओढही उरलेली नाही. त्यानं मला ताटकळत ठेवलं, त्याबद्दल मी त्याची जन्मभराची ऋणी आहे. काय मागावं ते सुचेना, म्हणून काही मागितलं नाही. दिवा लावला आणि यांच्या भाकरीसाठी पीठ मळायला घेतलं.