गॅसच्या पानाला मिळालेली वाहवा

दर रविवारी मी तुम्हाला निवडक लेखांच्या लिंक ईमेलने पाठवते. नियम एकच: स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय लिंक पाठवायची नाही.

आज दुपारी लक्षात आलं, म्हातारपणी नवी मैत्री जोडण्यावरच्या लेखाऐवजी सकाळी चुकून गॅस बुकिंगच्या पानाची लिंक गेली. तरीही उत्तरं आलेली: "अप्रतिम", "मनाला भिडलं".

बिबवेवाडीच्या मैत्रिणीला फोन केला. "अगं, वाचताना डोळ्यांत पाणी आलं," म्हणाली. गॅसचा दर पाहून येतंही म्हणा. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी या थापेबद्दल तिला बाकावर उभं केलं असतं.

खरं सांगा, कोणी उघडली तरी होती का ती लिंक? "अहो, हे काय पाठवलंत?" एवढं विचारणाऱ्याला मी आजच चहाला बोलावलं असतं.