डॉक्टरांना सांगितलेली मुलगी

साताऱ्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती?" आणि मी म्हणालो, "एक मुलगी."

आम्हाला मूल नव्हतं. लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि त्यातली बहुतेक मी फौजेत काढली होती. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि कराडजवळच्या एका साखर कारखान्यात सुरक्षारक्षकांवर देखरेख करायच्या कामाला लागलो. बायको गावातली अंगणवाडी चालवते. मी ईशान्येकडे पोस्टिंगवर असताना तिला एकदा दिवस गेले होते. चौथ्या महिन्यात पडलं. मला रजा मिळून घरी पोचायला बारा दिवस लागले. तोवर ती पुन्हा अंगणवाडीत जायला लागली होती. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "जेवून घ्या आधी." त्या विषयावर त्यानंतर आम्ही धड कधी बोललो नाही.

'मुलं किती' हा प्रश्न मला एसटीत, कँटीनमध्ये, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे विचारला गेलाय. नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि मग तो कुठल्या तरी देवाचं नाव सांगतो. त्या दिवशी मला ते नको होतं.

"किती वर्षांची?" डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारलं.

"नऊ."

"अजून हवंय?"

"नाही."

मी गेलो होतो वेगळ्याच कारणासाठी. पेन्शनवर आल्यापासून पोट सुटलं होतं. रात्रपाळी करून आलो की दिवसभर डोकं जड. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागायचा. आणि बायको जवळ आली की मी कूस बदलायचो. चाळिशीच्या आत-बाहेरचा माणूस, कधीकाळी पाठीवर पंधरा किलोचा पिठ्ठू घेऊन डोंगर चढलेला, आणि आता बायकोच्या हाताला घाबरत होतो. माझ्याच पलटणीतला एकजण कराडात जिम चालवतो. त्यानं मला दोन-तीनदा निरखलं आणि म्हणाला, "गड्या, तुझं टेस्टोस्टेरॉन उतरलंय. तपासून घे एकदा."

दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, "फार कमी नाही, काठावर आहे. आधी बाकीचं सुधारा. वजन उतरवा, दारू बंद करा, रात्रपाळी सुटते का बघा. घोरता का तुम्ही? मग झोपेचीही तपासणी करू. तीन-चार महिन्यांनी पुन्हा बघू. काहीजणांचं एवढ्यानंच वर येतं. सगळ्यांचं येतं असं मी म्हणणार नाही."

"आणि इंजेक्शन?"

"तो पुढचा मार्ग. बाहेरून मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं. शुक्रजंतूही बनायचे थांबतात. तुम्हाला अजून मूल नकोय, त्यामुळे तेवढी चिंता नाही. तरी आत्ता नकोच."

हे मी नीट ऐकलं. पुढं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं की तेव्हा लक्ष नव्हतं, डॉक्टर भराभर बोलत होते. तसं काही नव्हतं. मी ऐकलं होतं, आणि माझ्या बायकोच्या आयुष्याशी त्याचा काय संबंध आहे तेही मला त्याच खुर्चीत कळलं होतं. पण तोंडून निघालेली मुलगी परत कशी घ्यायची ते कळेना. मी नमस्कार केला आणि उठलो.

सहा आठवडे मी मन लावून नैसर्गिक मार्गानं गेलो. कॅनॉलच्या कडेनं चालायचो, भाकरी अर्धी केली, दुधात अश्वगंधा घातली, कुणीतरी सांगितलं म्हणून शिलाजित आणलं. दारू मात्र पूर्ण सुटली नाही आणि रात्रपाळी तशीच राहिली. वजन दोन किलो उतरलं. बाकी सगळं होतं तसंच. जिमवाला हसला. "म्हातारा हुईस्तोवर दूध पीत बसणार हाईस का?" त्याच्याकडं इंजेक्शनं होती. कुठून येतात ते मी विचारलं नाही. जिमच्या मागच्या खोलीत त्यानं पहिलं इंजेक्शन टोचलं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मी दुसरा माणूस झालो. हे कबूल केलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कुणाला कळणार नाही. जिना चढताना पाय हलके वाटायचे. कारखान्याच्या गेटवर ऊसगाड्यांची भांडणं मी हसत मिटवायला लागलो. घरीही बदल झाला. बायको लाजून म्हणाली, "कारखान्यावर काय चारत्यात तुमाला?" कितीतरी वर्षांनी ती अशी हसली होती.

आणि एक दिवस चपात्या लाटताना, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "आता तुमी घरी हाय. परत एकदा बघूया का? मी छत्तीसची झाले."

खरं तेव्हा जिभेवर आलं होतं असं म्हटलं तर तेही खोटं होईल. काहीच आलं नव्हतं. मी म्हणालो, "बघूया की." मनात हिशेब असा केला की डॉक्टर घाबरवून ठेवतातच, सगळ्यांना थोडंच तसं होतं. आणि इंजेक्शन सोडलं तर मी पुन्हा तोच कूस बदलणारा माणूस होणार. तिला मूल हवं होतं आणि मला तिचं ते हसू हवं होतं. मी माझं निवडलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दर महिन्याला एक बारीक टिंब द्यायची. पाच टिंबं झाली तेव्हा तिनं सांगलीतल्या एका बाई डॉक्टरांचा पत्ता मिळवला. मी गाडी चालवत तिला घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत दोघांनाही तपासण्या लिहून दिल्या. तिनं तिच्या केल्या. मी म्हणालो, सीझन सुरू आहे, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी म्हणालो, ताप येऊन गेलाय, रिपोर्ट चुकीचा येईल. फौजेत सबबी ऐकून घ्यायचं माझं कामच होतं. चांगली सबब कशी असते ते मला ठाऊक होतं.

तिची थायरॉइडची गोळी सुरू झाली. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते आत औषध सोडून बघायची तपासणी झाली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. दाराआडून तिचा आवाज आला, एकदाच. ती भिंतीला धरून बाहेर आली, ओठ पांढरे पडलेले. "लय दुखलं," एवढंच म्हणाली. मी पळत जाऊन शहाळं आणलं. दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. तिथल्या एक आजी तिला म्हणाल्या, "नशीब काढलंस बाई, कसा जीव लावतोय नवरा."

त्याच आठवड्यात आटपाडीहून सासरे आले. डाळिंबाची बाग आहे त्यांची, येताना पिशवीभर डाळिंबं आणली. ती अंगणवाडीत गेल्यावर ते माझ्याजवळ सरकून बसले. मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "जावईबापू, एक बोलू का? आमच्या पोरीत काय खोट निघाली तर तुमी मन मारून राहू नगा. पर तिला टाकूबी नगा. एवढंच मागणं हाय माजं." आणि त्या सत्तरीच्या माणसानं माझ्यासमोर हात जोडले.

मी ते हात धरून खाली केले. "मामा, असं काय बोलताय," म्हणालो. त्यांना वाटलं जावई मोठ्या मनाचा आहे. त्यांचे डोळे भरून आले. मी तेवढ्यावरच थांबलो. त्या संध्याकाळी जिममध्ये गेलो आणि ठरलेलं इंजेक्शन घेतलं.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी ठणकावलं, "यजमानांचा रिपोर्ट आल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही." मग सुटका नव्हती. रिपोर्ट आला. शुक्रजंतू एकही नाही.

दोघांना समोर बसवून बाईंनी विचारलं, "कधी मार लागला होता? मोठा आजार? कसली औषधं घेता, जिममधली इंजेक्शनं वगैरे?" त्या माझ्या दंडांकडं बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

शेजारून बायको बोलली. "म्याडम, हे मिल्ट्रीत होते. बर्फात राहिलेत वर्सानुवर्सं. त्यानं झालं असंल का?" आणि टेबलाखाली तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

परत येताना आष्ट्याच्या अलीकडं एका रसवंतीवर थांबलो. दुपारची वेळ, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. ती मला समजावत होती. होतं असं, औषधं निघालीत, कुणाला सांगायचं न्हाई, बाबांनाबी न्हाई. मी म्हणालो, "थांब. बर्फानं काही झालेलं नाही." आणि सगळं सांगितलं.

तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मग विचारलं, "कवापासनं?"

"आठ महिने."

"म्हंजे मी टेबलावर पडले तवा तुमास्नी म्हाईत हुतं."

"हो."

"त्या साताऱ्याच्या डाक्टरनं विचारलं न्हवतं, पोरंबाळं किती म्हणून?"

"विचारलं होतं. मी म्हणालो, एक मुलगी."

"केवढी?"

"नऊ वर्षांची."

तिनं ग्लास बाकावर ठेवला. तिला हिशेब करावा लागला नाही. त्या साली पोटातलं ते टिकलं असतं तर नऊच वर्षं झाली असती.

"तुमीबी मोजत हुता?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती पदर तोंडावर घेऊन रडली. रसवंतीवाला चरक बंद करून आत निघून गेला. डोळे पुसून ती म्हणाली, "मला वाटायचं मी एकटीच मोजतिया. कधी बोलला न्हाईत." आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "ह्याची मला माफी करता येईल. टेबलावर चढवलंत त्याची न्हाई येणार." घरापर्यंत ती पुढं माझ्या शेजारी न बसता मागच्या सीटवर बसून आली.

पुढच्या आठवड्यात मी दोन्ही डॉक्टरांना खरं सांगितलं. सांगलीच्या बाई रागावल्या. माझ्यावर ओरडून त्यांनी तिच्या विनाकारण झालेल्या तपासण्यांची यादी वाचून दाखवली. साताऱ्याचे डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी इंजेक्शन बंद करायला लावलं आणि एवढंच म्हणाले, "आता तुमचं शरीर पुन्हा कामाला लागायला सहा महिने लागतील, वर्षही लागेल. कधीकधी लागतच नाही."

ते महिने वाईट गेले. आधी होतो त्याच्यापेक्षाही खाली गेलो. पायात बळ नाही, बारीकसारीक गोष्टीवर चिडचिड, कशात मन नाही. याबद्दल कुरकुर करायचा मला हक्क नव्हता. जे आधी अर्धवट केलं होतं ते आता पूर्ण केलं. दारू सोडली. साहेबांच्या हातापाया पडून दिवसपाळी मागून घेतली. झोपेच्या तपासणीत कळलं की घोरताना माझा श्वास अडकतो, तेव्हा नाकावर लावायचं मशीन आलं. वर्षभरात अकरा किलो उतरलं. अश्वगंधेनं झालं की कशानं ते मला सांगता येणार नाही. माझा अंदाज, झोपेनं झालं. त्या वर्षात बायको माझ्याशी कामापुरतं बोलायची. डबा मात्र एक दिवस चुकला नाही, आणि मला तोच जास्त टोचायचा.

अकराव्या महिन्यातल्या रिपोर्टात शुक्रजंतू दिसले. कमी होते, पण होते. कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचून घडी घातली आणि त्या दिवशी पुन्हा माझ्या शेजारी जेवायला बसली. आम्ही वर्षभर प्रयत्न केला. दिवस राहिले नाहीत. बाईंनी टेस्ट ट्यूबचा मार्ग सुचवला, तिच्या वयाकडं बोट दाखवलं. तो वाया गेलेला काळ कुणामुळं गेला ते खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. ती म्हणाली, "मी आता त्या टेबलावर चढणार न्हाई." तिनं कुणाचा सल्ला मागितला नाही.

सासऱ्यांना सांगायचं मी दोनदा ठरवलं. तिनंच अडवलं. "तुमचं मन हलकं व्हईल. त्यांचं काय व्हईल?" त्यामुळं ते अजून मला मान देतात, पंगतीत शेजारी बसवतात, लोकांना सांगतात की असा जावई मिळायला पुण्याई लागते. मी खाली मान घालून जेवतो.

मागच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं. आकडा पहिल्यापेक्षा वर आहे, पण अजून काठाजवळच. थकवा थोडा आहे. साताऱ्याला या वेळी ती सोबत आली होती. डॉक्टर म्हणाले, "आता मूल नको असं तुमचं दोघांचं ठरलं असेल तर इंजेक्शनचा विचार करता येईल. दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासून, माझ्या देखरेखीखाली. नाहीतर आहे तसंच चालू ठेवा. दोन्ही रस्ते मोकळे आहेत."

मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "अंग तुमचं हाय. तुमास्नी काय वाटतं ते खरं सांगा."

मी म्हणालो, घ्यावंसं वाटतंय. रोज वाटतं. त्या दिवसांतला हलकेपणा मी विसरलेलो नाही. पण सध्या नको, आणखी सहा महिने असंच बघू.

"बरं," ती म्हणाली आणि डॉक्टरांना विचारायला लागली की माझ्या मशीनची नळी किती दिवसांनी बदलायची.