लागता लागता कोण वाचलं?

नंदाचा फोन आला तेव्हा मी पेणच्या रामवाडीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. आधार कार्डाच्या प्रतीत त्याचा चेहरा उतरलेला दिसत होता आणि ही त्याच्या मते माझ्या मशीनची चूक होती. "दादा, आई गेली. झोपेतच. चहाला उठवायला गेले तर..." एवढंच बोलून नंदाने फोन ठेवला. नंदा माझी आत्येबहीण, रोह्याला नदीपलीकडे अष्टमीत राहते. तिची आई म्हणजे माझी सुलूआत्या. रोह्याच्या एका शाळेत जवळजवळ उभी हयात खेळ शिकवून निवृत्त झालेली, आणि निवृत्तीनंतरही कुणाच्या मैदानात काय चुकलंय ते बघायला रिक्षा करून जाणारी. मी शटर ओढलं आणि पेणहून निघालो. त्या दिवशी मला रडू आलं नाही. रागही आला नाही. राग नंतर आला, तिच्या शोकसभेत, आणि दोन महिने झाले तरी तो उतरत नाही, म्हणून हे लिहितोय.

मी पाचवी ते दहावी आत्याकडे राहून शिकलो. त्या काळात शाळेतला सर्वांत जाड मुलगा आणि खेळाच्या बाईंचा भाचा ही दोन्ही पदं एकट्याने सांभाळत होतो. आत्याची एक पद्धत होती. आंतरशालेय सामने असोत की वर्गावर्गातली पोत्याची शर्यत, खेळ संपला की बक्षिसं वाटायच्या आधी ती सगळ्या मुलांना मैदानातच गोल बसवायची आणि विचारायची, "आज लागता लागता कोण वाचलं?" कुणाला लागलं हे नाही विचारायची, ते रक्त बघूनच कळतं म्हणायची. तिला हवे असायचे ते वाचलेले. कुणी सांगायचं, उडी मारताना पाय फळीवरून सटकला पण पडलो नाही. कुणी सांगायचं, गोळा माझ्या बाजूने गेला. ज्याने सांगितलं त्याला ती सगळ्यांसमोर शाबासकी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आत त्या जागेशी अनवाणी उभी असायची.

मलाही ती शाबासकी हवी होती, पण लागायचं असेल तर आधी पळावं लागतं, आणि तिथेच माझं घोडं अडायचं. म्हणून एकदा मी सरळ थाप मारली. व्हॉलीबॉलचा खांब माझ्या अंगावर येता येता राहिला म्हणालो. खांबाच्या आसपासही मी गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी आत्याने खांबाला धक्का दिला तर तो खरोखरच हलला, बुडाशी पार गंजला होता. आयुष्यात खोटं बोलून मी खरा ठरलो तो हा एकच प्रसंग. घरी आल्यावर म्हणाली, "बाळ्या, तू थाप मारलीस हे मला ठाऊक होतं. पण थाप म्हणून सोडून दिली असती, तर मग काय?"

ही पद्धत ती कुठल्या प्रशिक्षणात शिकली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी ती पेणकडे खाडीकाठच्या एका शाळेत होती. तिथे उंच उडीच्या खड्ड्यातली वाळू तिने सामन्याआधी खणून मोकळी केली नाही. पावसानंतर ती वाळू दगडासारखी बसली होती. हिरा नावाच्या मुलीचं मनगट मोडलं, आणि जुळलं ते वाकडंच जुळलं. हिराचे वडील मिठागरावर कामाला होते. आत्या रडत त्यांच्या घरी गेली तर तेच तिची समजूत घालायला लागले, "बाई, तुमचा काय दोष नाय. पोरीचं नशीब हाय, व्हायचं ते झालं." दुसरी कुणी असती तर त्या माणसाच्या पाया पडून सुटली असती. आत्या उलट चिडली. म्हणाली, "नशीब म्हणू नका हो. माझ्याबरोबर चला आणि खड्डा बघा." ती त्यांना खरंच घेऊन गेली. पुढे दरवर्षी जूनमध्ये नव्या मुलांसमोर ती पहिलं वाक्य हेच बोलायची, "माझ्या हातून एक मनगट मोडलंय, म्हणून मी तुम्हाला छळणार आहे."

छळायचीही. सामन्याच्या सकाळी सबंध मैदान अनवाणी चालायची आणि पायाला टोचलेला खडान् खडा ओच्यात गोळा करायची. अकरानंतर उन्हात सामना खेळवायचा नाही, म्हणजे नाही. एका वर्षी उद्घाटनाचे पाहुणे दहा वाजले तरी आले नाहीत, तेव्हा तिने शाळेच्या शिपायाच्या हातून नारळ फोडून घेतला आणि सामने सुरू केले. त्यावर तिला कारणे दाखवा नोटीस आली. तिने उत्तर दिलं, "पाहुणे उशिरा आले, सूर्य वेळेवर आला." ते उत्तर माझ्या अक्षरात होतं, कारण तिचं अक्षर चांगलं नव्हतं. त्या धास्तीने पुढे चार दिवस मीच तापाने फणफणलो होतो. तिला काही झालं नाही.

लोक तिला अपशकुनी म्हणायचे. नारळ फुटलाय, तोरणं लागलीत, आणि ही बाई विचारतेय की पोरगी पडली तर गाडी कुठे उभी आहे! स्टाफरूममध्ये तिच्या मागे हसायचे ते वेगळेच. हे सगळं मी ऐकलेलं आहे, आणि सांगायला लाज वाटते, पण तरुणपणी मीही हसलेलो आहे.

तर ती शोकसभा. शाळेच्या हॉलमध्ये फोटोला हार घातला आणि संस्थेचे कार्याध्यक्ष बोलायला उभे राहिले. "बाईंच्या हाताला यश होतं. एवढ्या वर्षांत त्यांच्या मैदानावर एका लेकराला साधं खरचटलं नाही. देवाची कृपा, दुसरं काय!" लोकांनी माना हलवल्या. मीही हलवली. शोकसभेत मान आपोआप हलते, ती माझ्या ताब्यात नव्हती. पण डोक्यात कुणीतरी कढई आपटावी तसं झालं. कृपा? ओच्यात खडे देव गोळा करत होता? गंजलेला खांब देवाने हलवून बघितला? ज्यांनी तिला नोटिसा दिल्या, तेच आता तिच्या श्रमांना नशीब म्हणत होते. आणि हिराचं मनगट? जी चूक ती दरवर्षी शंभर पोरांसमोर आपणहून कबूल करायची, तीसुद्धा यांनी तिच्याकडून काढून घेतली. चूकच नाही म्हटल्यावर शिकायचं काय? माणसाला देवी करून टाकलं की तिचं ऐकायची गरज संपते.

बाहेर आल्यावर नंदाने मला धरलं. "दादा, तू नुसती मान हलवत बसलास!"

"अगं, शोकसभेत कसं बोलणार?"

"आई बोलली असती."

"तिचीच तर होती शोकसभा," मी म्हटलं. यावर नंदा हसली आणि मग खूप रडली.

पंधरा दिवसांनी शाळेचा निरोप आला की सुलोचनाबाईंच्या स्मरणार्थ मुलींचे कबड्डी सामने ठेवतोय. कुटुंबाने फोटो आणि संमती द्यावी, आणि कार्यक्रमपत्रिका घरचंच काम म्हणून माझ्याच दुकानात व्हावी. मसुदा आला. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत, सत्कार, सामने, सत्कार, बक्षीस समारंभ, आभार. सत्कार दोनदा होता. मी कॉम्प्युटरवर बक्षीस समारंभाच्या आधी एक ओळ घातली, 'मुलींशी संवाद : लागता लागता कोण वाचलं?', मसुदा शाळेला परत पाठवला आणि स्वतःच्या धाडसावर खूश होऊन चहा मागवला.

चहा यायच्या आत कार्याध्यक्षांचा फोन. "भाऊ, हे काय घातलंत? पाहुण्यांसमोर पडण्याझडण्याच्या गोष्टी बऱ्या दिसतात का? शुभ कार्यात अभद्र कशाला? ठेवू आपण, आभारानंतर ठेवू."

मी 'हो, तसंही चालेल' म्हणणारच होतो. नेमकी नंदा फोटो घेऊन दुकानात आलेली. तिने फोन माझ्या हातातून घेतला. "आभारानंतर मैदानात मांडववाला आणि कुत्री असतात, साहेब. हरलेल्या मुली एसटीला पळालेल्या असतात, आणि जिंकलेल्यांच्या हातात कप आला की आपण पडत होतो हेच त्या विसरतात. म्हणून तर आई आधी विचारायची. बक्षिसाच्या आधी होणार असेल तर आईचं नाव घाला."

"मग ताई, नाव वगळावं लागेल."

"वगळा."

आणि ते नाव मी वगळलं. माझ्या दुकानात, माझ्या बोटाने, एकेक अक्षर. नंदाने फोटो पिशवीत परत ठेवला. नावाच्या जागी कार्याध्यक्षांच्या वडिलांचं नाव आलं. ते गृहस्थ आयुष्यात कधी पळाले असतील तर एसटी पकडायलाच. मी काम नाकारायला हवं होतं का? हवं होतं. मी ते वेळेवर, स्वच्छ छापून दिलं. माझा संताप हा असा आहे, तो आधी ऑर्डर पुरी करतो.

सामन्यांना नंदा आली नाही. मी गेलो. खरं सांगायचं तर कुणीतरी थोडंसं पडावं, म्हणजे आमचं म्हणणं सिद्ध होईल, अशी एक घाणेरडी इच्छा घेऊन गेलो. चुका नीट दिसाव्यात म्हणून एक प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि अगदी पुढे जाऊन बसलो. चुका भरपूर होत्या. मांडवाचा लोखंडी खांब मैदानाच्या कोपऱ्याला खेटून, त्याला साधं पोतंही गुंडाळलेलं नाही. पाहुणे दीड तास उशिरा. अंतिम सामना भर उन्हात, साडेबाराला. मी मनातल्या मनात यादी करत होतो आणि प्रत्येक चुकीगणिक मला बरं वाटत होतं. जोहे गावच्या शाळेतल्या मुली जिंकल्या. कुणाला काही लागलं नाही. आता कार्याध्यक्ष पुन्हा देवाची कृपा म्हणणार, म्हणून मी दात आवळले.

माइकवरून पुकारा झाला, "विजेता संघ जोहे, मंचावर या." कुणी गेलं नाही. सातही मुली मैदानात मांडी घालून गोल बसल्या. हरलेल्या मुलींनाही त्यांनी हाताला धरून बसवलं. मधे त्यांच्या बाई, तिशीतल्या, मी कधी न पाहिलेल्या.

"लवकर या, पाहुण्यांना पुढे जायचंय," माइक म्हणाला.

"थांबा सर, आमचं व्हायचंय अजून," कप्तान मुलगी बसल्या जागेवरून ओरडली. "बाई दरवेळी विचारतात. त्यांच्या बाई पण विचारायच्या."

त्या बाईंच्या बाईंचं नाव काय, हे त्या मुलीला माहीत नव्हतं. तिला त्याची गरजही दिसत नव्हती. मला मात्र ते माहीत होतं.

एकीने सांगितलं, त्या खांबावर डोकं आपटता आपटता राहिलं. दुसरी म्हणाली, उन्हाने गरगरत होतं पण बाहेर काढतील म्हणून बोलले नाय. मग एक बारकी मुलगी चुळबुळ करायला लागली. "सांग गो, बोलून टाक," शेजारणीने तिला ढोसलं. तिने माझ्याकडे बोट केलं.

"ते काका. लायनीला चिकटून बसलेत. मी पकडीतनं सुटले ती त्यांच्या खुर्चीवरच चालले होते. डोळ्याजवळनं गेला खुर्चीचा कोपरा. ते हलले पण नाय!"

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. मी सुलोचनाबाईंचा भाचा, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं, आणि कुठल्या तोंडाने म्हणणार म्हणून परत गेलं. बाई उठून माझ्यापाशी आल्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी रेषेकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि त्या मुलीला विचारलं, "कुठपर्यंत?"

मी खुर्ची उचलली आणि चार पावलं मागे गेलो.

"अजून मागं, काका," ती बारकी मुलगी म्हणाली.

मी आणखी सरकलो.

"अजून."

माझी पाठ शाळेच्या कुंपणाला टेकली तेव्हा कुठे ती समाधानाने खाली बसली आणि बाई पुढच्या मुलीकडे वळल्या. मंचावर पाहुणे कप हातात धरून उभेच होते.