माया उरली नाही

शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, त्याला शिंपी 'माया' म्हणतात. गिऱ्हाइकाचं अंग सुटलं की टाके उसवायचे आणि माया सोडायची. या बाबतीत टेलरमास्तर सढळ हाताचे. "कापडावर एवढी माया, बायकोवर कधी?" असं त्यांची बायको समोरच्या मशीनवरून चिडवायची.

ती गेली आणि तिचं मशीन झाकलं गेलं. मास्तरांचा जीव कशात रमेना. बिस्किटांचा पुडा आणि गोडमिट्ट चहा, तेवढीच काय ती सोबत. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला, गोळ्या दिल्या. त्या खणात पडून राहिल्या. घ्यायच्या कुणासाठी? इतरांना पोट सुटल्याचं पँटचं बटण सांगतं. मास्तरांची पँट बिचारी कधी बोललीच नाही, कारण आवळायला लागली की ते माया सोडत. लेकीच्या फोनला उत्तर ठरलेलं, "मजेत!"

लेक भेटीला आली तेव्हा त्यांचा मोजा रक्ताने भिजलेला तिला दिसला. तळव्यात टाचणी रुतली होती, आणि साखरेने पाय बधिर झालेल्या मास्तरांना पत्ताच नव्हता.

"पाय वाचेल," डॉक्टरीणबाई जखम बांधत म्हणाल्या, "पण साखर अशीच राहिली तर पुढची हमी नाही. गोळ्या का घेतल्या नाहीत?"

"काही करावंसंच वाटत नाही. खाल्लं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं."

"मन खचलं की खाणं वाढतं, मग वजन, मग साखर. आणि साखर वाढली की माणूस आणखी खचतो. मनालाही औषध असतं, मास्तर. पण तोंडाने सांगावं लागतं."

मास्तरांनी मान डोलावली. 'उद्या नक्की देतो' म्हणताना शिंपी डोलावतो, तशी.

घरी लेकीने इस्त्रीसाठी त्यांची पँट उलटी केली. मूळ शिवणीपासून कापडाच्या काठापर्यंत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या. शिंप्याचीच पोर ती, तिला सगळं कळलं.

"बाबा, यात माया उरलीच नाही."

"सगळी वापरली गं." ते हसायला गेले.

"आणि मला सांगत होतात, मजेत!"

नोकरीमुळे तिला परतावं लागलं. पोचल्यावर तिने फोन केला. "बाबा, पाय कसा आहे?"

'मजेत' अगदी ओठांवर आलं होतं. मास्तरांनी समोरच्या झाकलेल्या मशीनकडे पाहिलं.

"पाय बरा आहे," ते म्हणाले. "मी बरा नाही, बाळा."