मालकाशी बोलणं झालंय

वळूवाली मामी माझ्यावर अकरा वर्षं रागावलेली होती आणि त्यातला एक दिवसही तिनं वाया घालवला नाही. लोक रागावतात, ओरडतात, चार दिवसांनी विसरतात. मामीचा राग दावणीच्या जनावरासारखा होता. ती त्याला वेळेवर वैरण घालायची, पाणी दाखवायची, पाऊस आला की आत बांधायची. आणि तो राग सगळाच्या सगळा माझ्या कमाईचा होता. उभ्या नोकरीत वशिल्याशिवाय मी मिळवलेली ती एकच गोष्ट.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी मी परंड्याच्या ढोरदवाखान्यात स्टॉकमन म्हणून लागलो. वय बावीस. सायकल, खाकी टोपी, कॅन्व्हासची पिशवी आणि पिशवीत लोखंडी चिमटा. रक्ताचा थेंब न काढता वळूचा बैल करणारा चिमटा. वरून हुकूम होता की गावोगावचे हलके वळू बडवून टाका, म्हणजे पुढची पैदास सुधारेल. हलका कोणता आणि भारी कोणता हे ओळखायला आम्हाला दोन आठवडे शिकवलं होतं. त्यातला एक आठवडा मला ताप होता.

मामीचं गाव सोनारीच्या अलीकडं. नणंदेची पोरं आजोळी वाढली, ती मामी म्हणायची, म्हणून गावही मामी म्हणायचं. नवरा लवकर गेलेला. मागं सात खिलार गाई, एक वळू आणि एक दीर, नामदेवराव. बैलबाजारात भाव तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, शेजारच्याला पत्ता लागत नाही. विधवा बाई परक्या पुरुषाचा हात धरणार कशी, म्हणून दिरानं दोन बाजार तिचे खोंड स्वतः विकले. तिसऱ्या बाजाराला मामीच खोंड घेऊन उभी राहिली. दलालानं सवयीनं रुमाल पुढं केला तर म्हणाली, "त्यानं घाम पूस तुजा. भाव म्या तोंडानं सांगती, सगळ्यास्नी ऐकू दे." आणि सांगितला. दलाल पुढं कितीतरी दिवस धुसफुसत होते, कारण शेजारच्या दावणीची गिऱ्हाइकंही भाव तोंडानं विचारायला लागली.

तिच्या वळूचं नाव हरण्या. आजूबाजूच्या गावांतून लोक गाई फळवायला त्याच्याकडं आणायचे. मामीचा गोठा, मामीचं घर आणि मामीची मान ताठ असणं, सगळं हरण्यावर. त्या साली नामदेवरावांच्या जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून मेला. त्यांनी हरण्या औताला मागितला. मामी म्हणाली, "औताला बैल गावात लई हायत. वळू ह्यो एकच." नामदेवराव त्या वेळी गप्प बसले. गप्प बसणारा माणूस विचारी असतो असं मला तेव्हा वाटायचं.

मी गावात गेलो तेव्हा चावडीपुढं नामदेवराव हरण्याला धरून उभे होते.

"जनावर कुणाचं?" मी विचारलं.

"घरचंच की."

"मालक?"

"म्याच. ल्ह्या नामदेवराव."

मी लिहिलं. नवं मराठी रजिस्टर होतं, त्यात 'मालकाचे नाव' असा ठळक रकाना होता. चौघांनी दोर लावून हरण्याला खाली पाडलं. तेवढ्यात ओढ्याकडून एक बाई पळत आली. अनवाणी, पदर खांद्यावर आलेला, हातात गुरं वळायची काठी. लांबूनच म्हणाली, "ए पोरा, थांब. त्याला बडवायचा न्हाय."

आणि मी मान वर न करता बोललो. हे लिहितानाही माझे कान तापतात. मी म्हणालो, "बाई, बाजूला व्हा. मालकाशी बोलणं झालंय."

आणि चिमटा दाबला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. तेवढं मी ताप नसलेल्या आठवड्यात नीट शिकलो होतो.

हरण्याचे दोर धरणाऱ्या चौघांच्याही घरच्या गाई त्याच्याकडून फळलेल्या होत्या. जनावर कुणाचं ते चौघांनाही ठाऊक होतं. एकानंही तोंड उघडलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "घरातलं भांडान, आपून कशाला मधी बोलायचं." बाईचं काही लुटलं जात असलं की गाव एकदम फार सभ्य होतं. मला त्या चौघांचा आजही संताप येतो. पण चिमटा त्यांच्या हातात नव्हता.

मामी रडली नाही. हरण्याच्या तोंडाशी बसली, त्याच्या डोळ्यांवरची माती पुसली आणि मला विचारलं, "हे परत हुतं का?"

"नाही."

"कवाच?"

"नाही."

तिनं माझ्या हातातला चिमटा काढून घेतला, विहिरीपर्यंत चालत गेली आणि आत टाकला. मग गाईंकडं निघून गेली.

मला पोहता येत नव्हतं. दुपारभर मी विहिरीत गळ सोडून बसलो आणि अख्खं गाव काठावर बसून सल्ले देत होतं. आधी एक घागर निघाली, मग कुणाची तरी कळशी, आणि दिवस कलायला लागल्यावर चिमटा. सरकारी चिमटा विहिरीत कसा पडला याचा लेखी खुलासा मला वर पाठवावा लागला. हरण्याचा खुलासा कुणी मागितला नाही.

आठ दिवसांनी मी माफी मागायला गेलो. मामी दारात शेणानं सारवत होती. म्हणाली, "चा प्यायला आला आसशील तर बस. माफी मागायला आला आसशील तर ती तुज्या मालकाकडं माग." मग कोपऱ्यातल्या गाईकडं बोट केलं. "ही चांदी. हरण्यापासनं गाभन हाय. हिच्या वंशाचा वळू म्या ह्या दावणीला पुन्हा बांधीन. बांधल्याबिगर मरत न्हाय, ध्यानात ठेव." मी चहा प्यायलो.

चांदीला कालवड झाली. म्हणजे ती मोठी होईपर्यंत तीन-चार वर्षं, आणि तिला खोंड होईल की नाही ते नशिबावर. हरण्या दिराच्या औताला जुंपला गेला होता, दारात वळू नाही म्हणून गाई घेऊन कुणी येईना. मामीनं चांदी आणि कालवड ठेवून बाकीच्या गाई मोडल्या आणि शेळ्या घेतल्या. मोठ्या घरची सून शेळ्यांमागं फिरते म्हणून भावकी नाक मुरडायची. मामी म्हणायची, "शेळी बरी. पाला दिसला की खाती, मालकाचं नाव इचारीत बसत न्हाय." ते 'मालकाचं' माझ्या दिशेनं यायचं, मी दोन गावं पलीकडं असलो तरी.

पुढं गावानं माळावर झाडं लावायचं ठरवलं आणि शेळ्यांना बंदी केली. झाडं पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, बंदी राहिली. मामीनं शेळ्या विकून दोन म्हशी आणल्या आणि परसात खव्याची भट्टी घातली. बाभळीच्या धुरानं तिचे डोळे कायमचे लाल झाले. सकाळच्या मोटारीनं तिचा खवा बार्शीला जायचा, आणि चांदीच्या कालवडीला सरकी-पेंड यायची. भट्टीवर उलथनं फिरवता फिरवता ती येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायची. "ह्यो चिमटेवाला. लई हुशार हाय. फकस्त मालकाशीच बोलतो."

कालवड माजावर आली तेव्हा मी पुन्हा शहाणपण केलं. दवाखान्यात सरकारी वळू आला होता, कागदावर फार मोठ्या घराण्याचा. मी मामीला म्हणालो, कालवड घेऊन या, पैदास बघा कशी होते. मामीनं येऊन वळूकडं बघितलं. तो लिंबाखाली बसला होता. गावची एक गाय त्याच्यापुढून दोनदा गेली, त्यानं कान हलवून माशी उडवली. "डाक्टर," मामी म्हणाली, "चुकून ह्यालाबी चिमटा लावला न्हाय न्हवं?" तिनं कालवड चालवत दुसऱ्या तालुक्यात नेली आणि तिथल्या एका जुन्या खिलार वळूकडून फळवून आणली. तीन दिवस लागले.

शेवटी शेवटी ती गुरांची सुईणही झाली. एका रेडीचं आडवं आलेलं पारडू मला निघेना. मी घामाघूम, मालक रडकुंडीला. मामी न बोलावता आली, पदर खोचला, कोपरापर्यंत तेल लावलं. "सरक. तुजा हात खुरप्यागत हाय. तू तवर मालकाशी बोल." पारडू जिवंत निघालं. त्यानंतर लोक आधी तिला बोलावायचे आणि तिनं सांगितलं तर मला. माझी रजिस्टरं तिच्या कामावर भरली आणि चांगल्या कामाबद्दल वरून शेरा आला. तो मी तिला दाखवला नाही. एवढी अक्कल आली होती.

चांदीच्या लेकीला आधी दोन कालवडी झाल्या. आठव्या वर्षी खोंड झाला. मामीनं त्याचं नाव पाखऱ्या ठेवलं. मी विचारलं, "हरण्याच का नाही?" म्हणाली, "त्यो त्यो हुता." तीन वर्षांत पाखऱ्या असा भरला की वाटेवरची माणसं थांबून बघायची. पुन्हा गावोगावच्या गाई दारात यायला लागल्या.

आणि एक दिवस नामदेवराव दवाखान्यात अर्ज घेऊन आले. घरातला वळू मारका झाला आहे, बडवून मिळावा. खाली सही: मालक.

"वळू मामींचा आहे," मी म्हणालो.

नामदेवराव हसले. "घर एकत्र हाय, वाटणी न्हाय झालेली. घरच्या जनावराचा मालक कोन, ते तुमच्याच रजिस्टरात हाय. काढा की अकरा सालामागचं."

काढलं. होतं. सही माझी, अक्षर माझं. अक्षर सुंदर होतं.

मी चिमटा पिशवीत घालून गावात गेलो. तोच पार, तीच चावडी, दोर घेऊन उभे असलेले नवे चौघं. मामी पाखऱ्याचा कासरा हाताला गुंडाळून उभी होती. पळत आलेली नव्हती या वेळी, आधीपासून उभी होती. ती माझ्या पिशवीकडं बघत होती. तिचं एक शब्दही न बोलणं मी अकरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो. तेवढ्यात मला कळलं की ती भ्याली आहे. माझ्या हातातल्या पिशवीला भ्याली आहे.

मी तिच्यापुढं गेलो. "मामी, जनावर कुणाचं?"

"मोठ्यानं इचार," ती म्हणाली. "तवा मोठ्यानं बोलला हुतास."

मी चावडीला ऐकू जाईल असं विचारलं, "जनावर कुणाचं?"

"माजं."

मी पारावर बसून रजिस्टर उघडलं आणि मालकाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, पुढं वळूचं वर्णन, रंग, शिंगं, आणि शेऱ्यात 'उत्तम, पैदाशीसाठी राखावा'. मग अकरा वर्षांमागचं पान काढून नामदेवरावांच्या नावावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, 'चूक माझी'. नामदेवराव म्हणाले, वर तक्रार करीन. म्हणालो, करा, मला खुलासे लिहायची सवय आहे. चिमटा विहिरीत फेकावा असं फार मनात आलं. पण मला अजूनही पोहता येत नव्हतं.

निघताना विचारलं, "मामी, राग गेला का?"

"कशाला जाईल? हरण्या आला का परत? ह्यो दुसरा वळू हाय. तुजं केलेलं तुज्याकडंच."

तक्रार झालीच. माझी बदली तुळजापूरकडं झाली. निघायच्या सकाळी मामी मोटारीपाशी आली, पळसाच्या पानात बांधलेला खवा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तिथंबी घराघरात बाया असत्यात. इचारत जा." मोटार सुटेपर्यंतही थांबली नाही, पाखऱ्याला पाणी दाखवायचं होतं.

पुढची सगळी नोकरी मी दारात गेलो की पुरुषाला बाजूला ठेवून आधी बाईला विचारायचो. पुरुष चिडायचे. एकानं मला काठी घेऊन हाकललं. माझ्या स्वतःच्या घरात बायकोची म्हैस मी तिला न विचारता विकली, तो विषय वेगळा. त्याचा राग अजून चालू आहे.

काही वर्षांनी नामदेवरावांच्या मुलाचं कार्ड आलं. लिहिलं होतं, चुलती वारली. वारण्याआधी तिनं घरचा वळू सोनारीला नेऊन भैरवाच्या नावानं सोडला, आता त्याला कुणी दोर लावू देत नाही. तरी सदर वळू आमच्या वडिलांच्या मालकीचा असल्याबद्दल जुन्या रजिस्टराप्रमाणे आपल्या हस्ताक्षरात दाखला मिळावा.

ते कार्ड मी दोनदा वाचलं. दावणीला बांधलेलं तिचं जनावर तिनं कुणाच्याही रकान्यात मावणार नाही अशा ठिकाणी नेऊन ठेवलं होतं. दाखल्याच्या ओळीवर मला राग आला, आणि तो राग तिचाच होता हे तेव्हाच ओळखलं. उलट टपाली मी कार्ड लिहिलं. अक्षर मुद्दाम सुंदर काढलं.

'जनावर कुणाचं ते भैरवाला विचारा. मोठ्यानं विचारा.'