रस्त्यावरचा ताणा

गुजराती मुलखातल्या सलाबतपुऱ्याच्या एका गल्लीत खानदेशातला धुडकू अठरा वर्षं यंत्रमागावर ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीचे, तुटलेले धागे सांधत होता. तरी शेजारचा नटूकाका रद्दीवाला त्याला ‘कालचा पाहुणा’च म्हणायचा. ते धुडकूला सलायचं.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात नटूकाकाच्या रद्दीतून एक चित्राचं पोस्टकार्ड निघालं. पाठीवर १९०८चा शिक्का होता. चित्राच्या कोपऱ्यातला मिनार बघून नटूकाकानं आपली गल्ली ओळखली. चित्रात रस्त्याच्या मधोमध काठ्यांची लांबच लांब रांग उभी होती.

“लग्नाचा मांडव छे, दुसरं काय!” नटूकाका म्हणाला. “इथलं जुनं तुला काय समजणार, धुडकूभाई?”

धुडकूनं कार्ड उन्हात धरलं. मांडव म्हणावा तर वर कापड नव्हतं. काठ्यांमधून एक पांढुरकी पट्टी सरळ गेली होती, जणू कोणी धुकं ताणून बांधलं होतं. त्या पट्टीवर एक माणूस वाकला होता, दोन्ही हातांची बोटं एकमेकांजवळ आणून. रोज धुडकूची बोटं तशीच जुळायची.

“काका, हा ताणा आहे! हातमागासाठी रस्त्यातच पसरलाय. धागा तुटलाय, तो सांधतोय. अन् त्याचं होईस्तोवर ती बैलगाडी थांबलीय, बघा!”

नटूकाकानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“माझा जन्म इथला,” तो हळूच म्हणाला, “आणि मला मांडव दिसला.”

त्या दिवशी धुडकू घरी गेला तो भिंतीच्या कडेकडेनं. जिथं तो ताणा पसरला होता, त्या रस्त्याच्या मधोमध त्याला पाऊल टाकवेना.